मासातोचं इंजिन

दिवा बारीक करा आणि ते फोन खाली ठेवा. ही गोष्ट शिगेकीची आहे. घाटाखालच्या वस्तीत त्याचं घर. अजून आहे, जाऊन बघा. त्यानं मला ती एकदाच सांगितली. मी तिच्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

तीन वर्षांपूर्वीचा उन्हाळा. ऑगस्ट नुकता लागला होता. शिगेकी आपला छोटा टेम्पो घेऊन ओकिनोच्या भंगारवाड्यावर निघाला. काम साधं होतं. एक जुनं इंजिन आणायचं.

इंजिन हवं होतं लाल गाडीसाठी. लग्नाच्या वर्षी घेतलेली, दोनच माणसांची, जमिनीला घासून चालणारी बसकी गाडी. तिचं इंजिन रोटरी. तुमच्या गाड्यांसारखे त्यात पिस्टन वरखाली होत नाहीत. तीन कोनांचा एक लोखंडी तुकडा आत गरगर फिरतो. पळायला वारा, आणि जपायला तान्हं मूल. चार वर्षं ती गाडी मागच्या पडवीत ताडपत्रीखाली पडून होती. शिगेकीच्या मुलानं, शुन्पेईनं, एकदा न विचारता बाहेर काढली, पाण्याचा काटा लाल रेषेपार गेला तरी थांबला नाही, आणि इंजिन आतून उकडून निघालं. त्या दिवशी शिगेकी बोलू नये ते बोलला. ह्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही, म्हणाला. पोरगा बापाच्याच वळणाचा. त्यानं ठेवला नाही. ओसाकाला गेला आणि तिथेच कामाला लागला.

त्या वर्षी बायकोनं, मिसाएनं, बापाला न सांगता पोराला फोन करून करून वळवलं. ओबोनला, पितरांच्या दिवसांत, तेरा तारखेला येतो म्हणाला. शिगेकीनं ऐकलं, भात संपवला. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पडवी झाडायला लागला. मिसाए काय ते समजली. चुकलो म्हणणं ह्या माणसाच्या जिभेला येत नव्हतं. दारात चालती गाडी उभी करायची आणि किल्ली पोराच्या हातात ठेवायची, एवढंच त्याला येत होतं.

ओकिनोच्या वाड्यात एक पांढरी गाडी होती. त्याच जातीची, पण पुढच्या काळातली. उजवी बाजू आत दबलेली. नाक मात्र शाबूत, इंजिनाला ओरखडा नाही. शिगेकीनं इंजिन हातानं फिरवून पाहिलं. दाब चांगला होता. चेनकप्पी आण, म्हणाला. ओकिनो जागचा हलला नाही.

त्याचं म्हणणं असं. गाडी मासातो नावाच्या पोराची. घाटापलीकडच्या वस्तीतला, आईचा एकटा. गेल्या ओबोनला रात्री घरी निघाला आणि वरच्या वळणावर गेला. आता, ज्या गाडीत माणूस गेलं तिचा एक नटसुद्धा ओकिनो आधी काढत नाही. पुजारी बोलवायचा, मीठ टाकायचं, साके म्हणजे तांदळाची दारू शिंपडायची, मग पाना लावायचा. बापापासूनची रीत. आणि पितरांच्या दिवसांत पुजाऱ्याला श्वास घ्यायला सवड नसते.

"सोळा तारखेनंतर ने," ओकिनो म्हणाला. "पोराचा हा गेल्यानंतरचा पहिला ओबोन आहे. एकदा येऊन जाऊ दे त्याला."

"माझा पोरगा तेराला येतोय."

"मग येईना का. तो काय इंजिन खाणार आहे?"

"लोखंडाला कसला ओबोन, ओकिनो?"

ओकिनो ह्यावर हसला नाही. जुना मित्र, म्हणून नाही म्हणवेना. आत जाऊन मूठभर मीठ आणलं, अर्धं इंजिनावर टाकलं, अर्धं शिगेकीच्या डोक्यावर. आणि म्हणाला, ह्या दोन्ही लोखंडांत जास्त कठीण कुठलं ते देवाला ठाऊक.

मग शिगेकी पडवीतच राहू लागला. जुनं इंजिन उपसून काढलं. नवं बसेना, इंजिनाचे पाय वेगळे, पाण्याच्या नळ्या दुसऱ्या बाजूला. पत्रा कापून नवे पाय केले, नळ्या वाकवल्या, वायरी एक एक करून जुळवल्या. मिसाए जेवायला हाक मारायची आणि थंड झालेलं जेवण परत न्यायची. काम नीट झालं. शिगेकीनं लावलेला नट मी कधी सुटलेला पाहिलेला नाही.

तेरा तारीख. सूर्य डोंगराआड गेला. मिसाएनं पितरांपुढे काकडीचा घोडा मांडला, त्यांनी लवकर यावं म्हणून. वांग्याची गाय मांडली, जाताना सावकाश जावं म्हणून. गल्लीत दारोदार लोक बाहेर आले आणि तागाच्या काड्या पेटवू लागले. त्या उजेडानं पितरांना घर सापडतं. आणि नेमकं तेव्हाच शिगेकीचं शेवटचं काम संपलं. त्यानं गाडी ढकलत दारात आणली, तोंड रस्त्याकडे केलं आणि किल्ली फिरवली.

थोडं खोकली. मग पेटली. आत घातलेलं तेल जळून पांढरा धूर गल्लीभर झाला. थबथब, थबथब, असा तो रोटरीचा आवाज. समोरच्या उमेनो आजी काड्यांपाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, शिगेकी, पितरांना बोलावतोस की पळवून लावतोस? सगळे हसले. शिगेकीसुद्धा.

मिसाए हसली नाही. विस्तव विझेपर्यंत तरी बंद करा, म्हणाली. पण ते करता येत नव्हतं. रोटरी थंड असताना सुरू करून लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात, मग ती हलत नाही. एकदा पेटली की पुरती तापू द्यावी लागते. ज्यानं हे इंजिन पाळलंय त्याचा हात त्या वेळी किल्लीकडे जातच नाही. शिगेकीचा गेला नाही. दारोदार विस्तव जळत होते, जो तो आपल्या माणसाला मनात हाक मारत होता. आणि सगळ्यांच्या वर एक हाक चालू होती.

शुन्पेई बसथांब्याकडून चालत आला. खांद्यावर पिशवी. बाप फडक्यानं हात पुसत विस्तवापाशी उभा. पोरगा त्याच्यापाशी थांबला, गाडीकडे पाहिलं. चार वर्षांनी पहिलं वाक्य बोलला.

"बाबा, आत कोण बसलंय?"

"कुणी नाही."

"आत्ता हात केला की मला."

शिगेकीनं वळून पाहिलं. चालकाची जागा रिकामी होती. धूर असेल, शुन्पेई म्हणाला. मग पिशवी खाली ठेवून बॉनेटवर हात फिरवायला लागला. शिगेकीनं किल्ली काढून त्याच्या हातात ठेवली.  मिसाए आत जाऊन डोळे पुसून आली.

चौदाला बापलेक गाडी घेऊन निघाले. शिगेकी चालवायला बसला तर पाय पॅडलपर्यंत पोचेनात. जागा पार मागे सरकवलेली. शुन्पेईनं बसून बघितली असेल, असं त्याला वाटलं. पुढे ओढून घेतली. शुन्पेईला विचारलं तर तो म्हणाला, मी कशाला मागे सारू, माझे पाय काय बगळ्याचे आहेत? खरंच होतं. त्या घरात सगळेच बुटके.

गाडी खालच्या शहराच्या दिशेला घेतली की खोकायची, मधेच मरायची. घाटाच्या दिशेला घेतली की रेशमासारखी. शिगेकीनं प्लग बदलले. पेट्रोलची नळी फुंकली. वायरी पुन्हा तपासल्या. दोष नाही. हिला घाट आवडलाय बाबा, असं म्हणून शुन्पेई हसला. चार वर्षांत बापाकडे बघून पहिल्यांदा हसला. आणि शिगेकीला त्या क्षणी कळलं होतं. त्यानं मला तसं स्पष्ट सांगितलं. कळलं होतं, पण बोलायचं कसं? मेलेल्या पोराचं इंजिन, पूजा न करता, ओबोनच्या तोंडावर उचलून आणलं, असं सांगायचं? किल्ली देऊन परत मागायची? 

पंधराच्या सकाळी जागा पुन्हा मागे होती.

शुन्पेईला सोळाला सकाळी ओसाकात कामावर हजर व्हायचं होतं. रात्री घाटाचा रस्ता मोकळा असतो, तेव्हा गाडीनं निघतो म्हणाला. मिसाएचा जीव होईना. उद्या संध्याकाळी पितरांना निरोप द्यायचा विस्तव पेटवू, मग जा, म्हणत राहिली. शिगेकी म्हणाला, बसनं जा.

पोराचा चेहरा उतरला.

"देऊन परत घेताय?"

  साडेअकरा वाजले होते. शुन्पेईनं जागा पुढे घेतली, पट्टा बांधला, किल्ली फिरवली. शिगेकी दुसऱ्या दारानं आत जाऊन शेजारी बसला.

"घाट संपला की मला उतरव."

"आणि परत कसे याल?"

"पाय आहेत मला."

निघाले. चंद्र नव्हता. खालच्या चढावर शुन्पेई बोलत होता. ओसाकातलं काम, खोलीचा मालक, तिथल्या लोकांचं मोठमोठ्यानं बोलणं. शिगेकी हूं हूं करत होता. मग देवदारांची दाट झाडी सुरू झाली. शुन्पेईचं बोलणं कमी झालं.

मग थांबलं.

शिगेकीला आधी आवाजावरून कळलं. गिअर खाली येताना इंजिन अडखळत नव्हतं. ब्रेक दाबता दाबता त्याच पायाच्या टाचेनं मधेच पेट्रोल द्यायचं, ह्याला मोठी हातोटी लागते. शुन्पेईला ती येत नव्हती. कालपर्यंत येत नव्हती. आता एकेक वळण सुरीनं लोणी कापावं तसं जात होतं. ह्या पोरानं ह्या घाटात आयुष्यात चार वेळासुद्धा गाडी चालवली नसेल. आणि तो वळण दिसायच्या आधी गाडी वळवत होता.

"शुन्पेई."

काही नाही.

"शुन्पेई, सावकाश."

काट्याच्या हिरव्या उजेडात चेहरा दिसत होता. चेहरा शुन्पेईचाच. पण जबडा घट्ट मिटलेला. डोळे मिटत नव्हते. गुडघे... गुडघे स्टिअरिंगला टेकले होते. लांब पाय आखडून कुणी बसावं तसे.

आतली हवा गार झाली. काच आतून धुरकटली.

वेग वाढला.

वरचं वळण आता जवळ होतं. कठड्याचा तेवढाच तुकडा नवा आहे, तुम्ही पाहिलाय. खाली गेलेल्या पोरासाठी ठेवलेली फुलं असतात, कॉफीचा डबा असतो. दिव्याच्या झोतात तो नवा तुकडा पांढरा चमकला. अजून लांब. मग कमी लांब. पाय ब्रेककडे जात नव्हता. शिगेकीनं हाताचा ब्रेक ओढला. तो ढिला. दोरी तुटावी तसा ढिला... स्वतःच्या हातानं घट्ट केलेला ब्रेक.

स्टिअरिंगला हात घातला. हलेना.

कठडा.

तेव्हा ह्या माणसानं, ज्यानं कधी कुणापुढे मान वाकवली नाही, शेजारच्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि नावानं हाक मारली.

"मासातो."

इंजिन तसंच किंचाळत होतं.

"मासातो... बाळा, घरी जायचंय ना? आई वाट बघतेय. नेतो मी तुला. पण सावकाश रे... ह्यालाही आई आहे."

...

पाय उचलला गेला.

गाडी वळणावर आली. मागचं चाक घसरलं, खडी उडाली, आणि फुलांना वारा लावून गाडी पुढे गेली. कठड्याला घासलीसुद्धा नाही. मग उतार. हळूहळू. एखाद्या म्हाताऱ्याला नेत असावं तशी.

शिगेकीनं हात काढला नाही. गुडघा बर्फासारखा होता.

घाटापलीकडे वस्ती झोपली होती. एका घराला दिवा होता. वळचणीला पांढरा कंदील. ज्या घरातलं माणूस वर्षाच्या आत गेलं, त्या घराचा कंदील. गाडी तिथे थांबली. दार उघडून शुन्पेई उतरला. तो उतरला आणि इंजिन आपोआप बंद पडलं.

त्या शांततेत घराचं दार सरकलं. एक बाई उभी होती. हत्सुए, मासातोची आई. तिनं पोराच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कानानंच ओळखावं तशी, मान थोडी कलती करून उभी होती.

"आलो गं," शुन्पेई म्हणाला. आवाज त्याचा नव्हता.

"उशीर केलास," ती म्हणाली. "हात धू. झाकून ठेवलंय."

तो आत गेला. दार सरकून बंद झालं.

शिगेकी धावला. दारावर हात ठेवला. दाराला कडी नव्हती. तरी त्याला ते सरकवता येईना. परक्याचं घर होतं. आत पोरगा होता. आणि उंबऱ्याबाहेर उभं राहणं म्हणजे काय असतं, ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"बाई," तो दाराला म्हणाला, "तो माझा मुलगा आहे."

आत वाडग्याला जेवायच्या काड्या लागल्याचा बारीक आवाज. कुणीतरी घाईघाईनं जेवत होतं.

"बाई..."

"ठाऊक आहे," आतून आवाज आला. "जेवू द्या. वर्षभर उपाशी आहे."

"आणि माझा?"



काड्यांचा आवाज थांबला. मग काहीच नाही. किडे नाहीत. ओढ्याचं पाणी नाही. शिगेकी गुडघ्यावर बसला. मग कपाळ जमिनीला लावलं. काय बोलला ते त्यानं मला सांगितलं, पण मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, त्यातला पहिला शब्द 'चुकलो' होता. त्या बाईला म्हणाला, मासातोला म्हणाला, की आपल्या पोराला, हे त्यालाही ठाऊक नाही.

किती वेळ गेला...

दार सरकलं.

"बाबा? जमिनीवर काय करताय?"

शुन्पेई उंबऱ्यावर उभा होता. झोपेतून उठल्यासारखा. आवाज त्याचा. हे कुणाचं घर, आपण का थांबलो, असं विचारत होता. शिगेकीनं उठून त्याचं मनगट धरलं. मनगट गरम होतं. ते त्यानं उजाडेपर्यंत सोडलं नाही.

हत्सुए मागे उभी होती. आता तिनं शुन्पेईच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि अनोळखी माणसाला करतात तसा वाकून नमस्कार केला. गाडी बंद पडलेली दिसतेय, म्हणाली, पहाटेपर्यंत ओसरीवर टेका. चहा आणून दिला.  

इंजिन परत पेटलं नाही. सकाळी ओकिनो ओढगाडी घेऊन आला. शिगेकीचं कपाळ मातीनं भरलेलं पाहिलं आणि एकही टोमणा मारला नाही. संध्याकाळी वाड्यात पुजारी आणला. इंजिन बाहेर काढून मीठ, साके, सगळं रीतीनं झालं. हत्सुए तिथे आली होती. निरोपाचा विस्तव तिनं पेटवला. धूर सरळ वर गेला.

त्या दिवशी शुन्पेई कामावर गेला नाही. साहेबाला फोन करून काय सांगायचं ते त्याला सुचेना, म्हणून शिगेकीनंच केला. घरात माणूस आलं होतं, त्याला पोचवायला गेलो होतो, म्हणाला.

सगळं आटोपून घरी आल्यावर मिसाएनं न्हाणीत पाणी तापवलं. शुन्पेई म्हणाला, बाबा, पाठ चोळून देतो. लहानपणी द्यायचा. शिगेकी पाठ करून बसला. पोरानं पाठ चोळली, वरून पाणी ओतलं. मग आता तुझी, असं म्हणून शिगेकी वळला.

आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

घाटात गाडी कुठेही आदळली नव्हती. साधा धक्काही बसला नव्हता. त्यानं आपली छाती चाचपून पाहिली. तिच्यावर काही नव्हतं.

शुन्पेईच्या उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत, तिरका, चार बोटं रुंद, काळानिळा वळ उठला होता. दुखतं का, शिगेकीनं विचारलं. शुन्पेईनं खाली पाहिलं. काय दुखतं, म्हणाला.

वाफ जरा विरली. वळात गाडीच्या पट्ट्याची वीणसुद्धा उमटलेली दिसत होती. धागा न् धागा.